कमरेतली कळ पोटरीपर्यंत का जाते?

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम आला की 20 किलोचे क्रेट दिवसभर उचलले जातात. कमरेत वाकून, त्यातच अंग वळवून. मग एखाद्या हमालाच्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत वीज चमकावी तशी कळ जाते. ‘शीर दबली’, असे लोक म्हणतात. ते बरेचसे खरे आहे, फक्त ही शीर दबते ती पायात नव्हे, कण्यात.

मणक्यांमधल्या गादीचा मऊ गर मागे सरकून नसेच्या मुळावर येतो, तेही बहुधा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपाशी. हे 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी ठळकपणे मांडले. साठीनंतर कारण बदलते: कण्याची नळीच अरुंद होते. चालताना पाय भरून येतात, पुढे वाकून बसले की बरे वाटते. क्वचित एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरतो.

सरकलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच जिरवते, म्हणून बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. कंबर तुडवून घेऊ नका, कळकळीने सांगतो. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.