गोळी पोटात, आग अंगावर

गोळी घेतली आणि अंगावर पित्त उठलं, हा अनुभव घरोघरी असतो. गोळी थांबवली की बहुधा ते ओसरतं. पण क्वचित एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. तोंड, डोळे सोलवटतात. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. न्यूयॉर्कच्या या दोन डॉक्टरांनी १९२२ साली त्याची नोंद केली.

होतं काय? दुकानदार दाराशी मालाचा नमुना मांडतो, तशी प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडत असते. मांडणीचा हा फळा माणसागणिक वेगळा, आनुवंशिक. एखाद्या फळ्यावर औषधाचा रेणू नेमका चिकटतो आणि गस्तीवरच्या टी-पेशींना आपलाच माल परका वाटतो. मग त्या ग्रॅन्युलायसिन नावाचं प्रथिन सोडतात. त्याने कातडीच्या पेशी मरतात आणि वरचा थर सुटतो.

फिट्सवरच्या कार्बामाझेपिनमुळे हे कोणाला होतं, याचा माग तैवानच्या संशोधकांनी २००४ मध्ये काढला: तिथल्या बाधितांत एकच जनुकप्रकार सापडला. आता तो असू शकेल अशांची आधी रक्ततपासणी करता येते. एवढा थेट उपयोग जनुकशास्त्राचा फार थोड्या ठिकाणी झालाय!

गाउटवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं यांनीही हा आजार होऊ शकतो. हा त्रास बहुधा चार दिवस ते चार आठवड्यांनी सुरू होतो. म्हणून दोष भलत्याच, काल घेतलेल्या गोळीवर जातो. नवं औषध सुरू असताना ताप, डोळ्यांची जळजळ, तोंडात फोड आणि दुखणारे चट्टे दिसले, तर त्याच दिवशी सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांसह रुग्णालय गाठा.