शब्द परके, व्याकरण कोणाचे?

मराठीवर व्याख्यान असले की प्रश्नोत्तरांच्या वेळी एक तक्रार हटकून येते : इंग्रजी शब्दांनी आमची भाषा बुडविली. पुराव्यादाखल अंधेरी-बोरिवलीच्या गाडीत कानी पडणारी वाक्ये सांगण्यात येतात. तसलेच एक वाक्य घेऊ. ‘फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात सीट मिळाली नाही.’ सातांपैकी चार शब्द इंग्रजी. तरीही हे वाक्य इंग्रजाला कळावयाचे नाही, आणि मुलुंडच्या एखाद्या आजीबाईंना त्यात काहीच अडणार नाही. ‘लोकल’ला ‘च्या’ जडला, ‘डबा’ सामान्यरूप घेऊन ‘डब्यात’ झाला, आणि स्वतःच्या घरी ज्याला लिंगच नाही तो ‘सीट’ शब्द येथे स्त्रीलिंगी होऊन क्रियापदाकडून ‘मिळाली’ असे म्हणवून घेऊ लागला. पाहुणे आले, पण घरच्या शिस्तीने राहिले.

शब्द आणि व्याकरण यांतला हा फरक भाषाशास्त्राला पहिल्यापासून मोलाचा वाटत आला आहे. १७८६ साली कलकत्त्यास विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सांगितले, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते धातूंवर आणि व्याकरणातील रूपांवर. कारण उघड आहे. शब्द बाजारातूनही उचलता येतो. विभक्तीचे प्रत्यय सहसा कोणी उसने मागत नाही. आमच्याकडे शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला, तोही फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. व्याकरणाचा प्रश्न त्यात नव्हताच. मात्र हे कुंपण दिसते तितके पक्के नाही. ‘बद्दल’, ‘मार्फत’, ‘शिवाय’ ही शब्दयोगी अव्यये आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलो. ती अरबी-फारसीकडून आलेली. आली शब्द म्हणून, आणि बसली व्याकरणात.

याहून मोठा धक्का सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडने दिला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तेथील बोलींचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. कुपवाड तेव्हा खेडे होते. जैन आणि लिंगायत घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी. शेतात आणि देवघेवीत पुरुषमंडळी दिवसातून अनेकदा भाषा बदलीत, आणि हा क्रम काही शतके चाललेला. परिणाम असा झाला की, भाषांचे शब्द पुष्कळसे निराळे राहिले, पण वाक्याचा साचा एक झाला. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कानडी वाक्याचेही तितकेच तुकडे, त्याच क्रमाने. एकाचे शब्द काढून दुसऱ्याचे बसविले की भाषांतर पुरे! कानडीत माणसांखेरीज बहुतेक सारे नपुंसक. म्हणून कुपवाडच्या उर्दूत नदीसुद्धा ‘आयी’ नव्हे, ‘आया’.

असे का व्हावे? घरची भाषा ही जातीची आणि धर्माची खूण होती. ती खूण कानाला पटते शब्दांवरून, म्हणून शब्द जपले गेले. व्याकरणावर कोणाचा पहारा नव्हता, आणि दिवसातून चारदा भाषा बदलणाऱ्याला डोक्यात एकच साचा ठेवणे सोयीचे. नुसती शब्दांची यादी घेऊन तेथे जाणारा संशोधक निरनिराळ्या भाषा लिहून परतला असता. नुसती वाक्यरचना पाहणारा जवळजवळ एकच.

आता पुन्हा उपनगरात येऊ. येथे एकाच जिन्यावर मराठी, गुजराती आणि हिंदी नांदतात. कुपवाडइतका हा शेजार मुरलेला नाही, पण पहारा कुठे आहे आणि कुठे नाही हे येथेही दिसते. एकदा इंग्रजी शब्दांवर तावातावाने बोलून झाल्यावर एक गृहस्थ आम्हांला म्हणाले, ‘या कामी तुम्ही आमची मदत करा.’ वाक्यात इंग्रजी शब्द औषधालाही नाही. पण मराठी माणूस आजवर ‘आम्हांला मदत करा’ असे म्हणत आला. ‘आमची मदत’ हा घाट हिंदीचा. गंमत अशी की, खुद्द ‘मदत’ हा शब्द अरबी आहे. फारसीच्या वाटेने तो केव्हाचा घरात आला, आणि त्याचे परकेपण आज कोणाला आठवतही नाही. त्या गृहस्थांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गोंधळले आणि मग मोकळेपणाने हसले.

ही वाहतूक एकेरी मात्र नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे. गुजरातीतही ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा तो आहेच. पुस्तकी हिंदीचे दोन्हींकडे एकट्या ‘हम’वर भागते. मुंबईच्या हिंदीत मात्र ‘अपन’ सर्रास चालतो. ‘अपन चलेंगे’ असे घाटकोपरच्या रस्त्यावर कोणी म्हटले, की ऐकणाऱ्यानेही पायांत चपला घालावयाच्या असतात.