संगमावरची कोंडी आणि गाड्यांचा संवाद

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या ६ मार्गिका आणि जुन्या महामार्गाच्या ४ मार्गिका आडोशी बोगद्याजवळ एकत्र येतात आणि खंडाळ्याला वेगळ्या होतात. मधल्या घाटात १० मार्गिकांची वाहतूक ६ मार्गिकांवरून जाते. ‘मिसिंग लिंक’ आखली गेली ती यासाठीच. पण रस्ता अपुरा म्हणून कोंडी, हे उत्तर अर्धेच आहे.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या, ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने चालवायच्या. अडथळा नाही, मध्ये कोणी घुसत नाही. तरी थोड्याच वेळात काही गाड्या थबकल्या आणि ती कोंडी लाटेसारखी मागे सरकू लागली. पुढच्याने ब्रेकवर जरासा पाय ठेवला की मागच्याला ते क्षणभर उशिरा कळते, म्हणून तो किंचित जास्त दाबतो. त्याच्या मागचा त्याहून जास्त. दोन प्रवाह मिसळतात तेथे असा धक्का दर काही सेकंदांनी बसतो. शिवाय थांबलेली रांग पूर्वीच्या जोमाने सुटत नाही. रस्त्याची क्षमता नेमकी गरजेच्या वेळी घटते.

गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या तर हा उशीरच टळतो. प्रत्येक गाडी आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती रेडिओलहरींवरून सेकंदाला १० वेळा सांगते. काही शे मीटरपर्यंत ते ऐकू जाते. समजा, संगम ३०० मीटरवर आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर. हाताशी साडेतेरा सेकंद आहेत. तेवढ्या वेळात वेग फक्त ५ किलोमीटरने कमी केला तरी पुढे १८-१९ मीटर जादा जागा तयार होते. ब्रेकची गरजच नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल केला की झाले. (घाटात धापा टाकणाऱ्या ट्रकला मात्र कोणताही रेडिओ अश्वशक्ती देणार नाही.)

अडचण अशी की, संवादाला दोघे लागतात. दहात एका गाडीत यंत्र असेल, तर जागा देणारी आणि घेणारी दोन्ही बोलक्या असण्याची शक्यता शंभरात एक. त्यामुळे पहिल्या ग्राहकाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. अमेरिकेने १९९९ मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. तो बराचसा रिकामाच राहिला आणि २०२० मध्ये त्यातला ४५ मेगाहर्ट्झ काढून वाय-फायसारख्या वापराला देण्याचे ठरले.

आणि जागा द्यायची कोणी? वेग कमी करतो एक, फायदा होतो मागच्या शंभरांना. चाळीस प्रवाशांची एसटी आणि एकट्याची मोटार यांत आधी कोण, हे संगणकात कोणाला तरी लिहावेच लागेल. मिनेसोटात महामार्गाच्या तोंडाशी गाड्या एकेक करून सोडणारे सुमारे ४३० सिग्नल होते. थांबावे लागणाऱ्यांची कुरकुर वाढली, तेव्हा विधिमंडळाच्या आदेशाने २००० साली ते काही आठवडे बंद ठेवले गेले. अपघात वाढले, महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या घटल्या. सिग्नल पुन्हा लागले, पण नवा दंडक घेऊन: तोंडाशी कोणालाही चार मिनिटांहून जास्त थांबवायचे नाही.