कोयीचा आंबा

आंब्याचे दिवस सरून पहिला पाऊस पडला, म्हणजे परसात, विहिरीच्या काठी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर टाकलेल्या कोयींना तांबूस कोंब फुटलेले दिसू लागतात. मुले ते उपटतात आणि आतली बी दगडावर घासून पिपाणी करतात. त्यांच्या नजरेतून सुटलेले एखादे रोप मात्र मुकाट्याने वाढत राहते, आणि पुढे नातवंडे त्याच्या सावलीत खेळतात. आपल्या गावांतील पुष्कळसे रायवळ आंबे असेच, कोणी न लावता लागलेले आहेत. तेव्हा कोयीपासून आंबा करणे ही काही अवघड विद्या नव्हे. अवघड आहे ते एवढेच, की कोय आपणांस काय देते आणि काय देत नाही हे आधी नीट समजून घेणे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, गोड मानकुराद खाऊन त्याची कोय पेरली म्हणजे दारी मानकुरादच येईल. तसे होत नाही. हापूस, पायरी, मानकुराद, लंगडा या जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि तो मोहोरातील परागांच्या संयोगाने झालेला असतो. जसे लेकरू आईबापांचे असूनही आईची प्रतिमा नसते, तसेच ते रोप. फळ आईच्या तोडीचे निघेल, क्वचित सरस निघेल. बहुधा आंबट किंवा रेषाळ निघेल. दक्षिणेकडील पश्चिम किनाऱ्यावरील ओलूर, बप्पकाई, कुरुक्कन अशा काही जातींत एका कोयीतून तीनचार रोपे निघतात व त्यांतील बहुतेक आईच्याच गुणांची असतात. परंतु आपल्या नित्याच्या जातींत ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

म्हणून कोय तुच्छ मानावी काय? मुळीच नाही. ज्या नामांकित जातींचा आपण अभिमान बाळगतो, त्या सर्व मुळात कुठल्या तरी एका कोयीतून उगवलेली झाडेच होत. कोणा जाणत्याने ते फळ ओळखले आणि कलम बांधून राखले. गोव्यात आंब्याची कलमे रूढ करण्याचे श्रेय इतिहासकार येशूसंघीय धर्मगुरूंना देतात. व्हेनिसचा प्रवासी मनुची याने सतराव्या शतकातील आपल्या वृत्तांतात गोव्याच्या आंब्यांची वाखाणणी केली असून त्यांची निरनिराळी नावेही दिली आहेत. त्या काळी नावारूपास आलेल्या कित्येक जाती आज कोणास ठाऊकही नाहीत. उलट गोव्याच्या मानकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एक राखला गेला, दुसरे गेले, अंतर एवढेच.

आणि नेमकी येथेच आमच्या वाचकांस एक कळकळीची विनंती करावयाची आहे. प्रत्येक वाड्यात एखादे तरी रायवळ झाड असे असते की ज्याच्या कैऱ्यांवाचून घरचे मिस्कूट जमत नाही, किंवा मिठातील चेपणीची तोरे त्याचीच हवी असतात. त्या झाडाला नाव नसते; ‘विहिरीवरचा’, ‘मामाच्या वाटणीतला’, एवढीच त्याची ओळख. घराची वाटणी होते, रस्ता रुंद होतो, वादळ येते, आणि एके दिवशी ते झाड आडवे पडते. मग घरची माणसे त्याच्या कोया शोधतात. परंतु वर सांगितल्याप्रमाणे त्या कोयीतून तो आंबा पुन्हा येत नाही. ते झाड जगात एकुलते एक होते. गेले ते गेले. त्याला राखण्याचा उपाय एकच: ते उभे आहे तोवर त्याची काडी घेऊन कोयीच्या रोपावर बांधणे. ही दोन्ही कामे घरी कशी करावी ते सांगतो.

कोय पेरणे

पूर्ण पिकलेल्या फळाची, कीड नसलेली कोय घ्यावी. आंब्याची बी भातासारखी साठवून ठेवता येत नाही. सुकली की मरते, आणि चारपाच आठवड्यांत तिची उगवण पुष्कळ घटते. यास्तव खाल्ल्यावर गर धुऊन कोय एकदोन दिवस सावलीत ठेवावी व लगेच पेरावी. पाण्यात टाकून जी तरंगेल ती सोडून द्यावी, बुडेल ती ठेवावी. वरचे टणक कवच कडेने जपून कापून आतली बी काढली तर उगवण लवकर होते, आणि आत भुंगा असल्यास तोही कळून येतो.

लाल माती दोन भाग व चांगले कुजलेले शेणखत एक भाग मिसळून खोल पिशवीत किंवा डब्यात भरावे. बुडाला भोके हवीतच. मूळ सरळ खाली धावते, म्हणून उथळ कुंडी उपयोगाची नाही. बीची फुगीर कड वर ठेवून तिच्यावर बोटाच्या पेराएवढीच माती घालावी. सांजांवच्या सणापर्यंत, म्हणजे २४ जूनपर्यंत, हे काम उरकले तर पावसाचा लाभ मिळतो. दोनतीन आठवड्यांत तांबूस पानांचा कोंब वर येतो.

कोयकलम

रोप दहापंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस आणि देठ कोवळा असतानाच ही संधी असते. या पद्धतीस कोयकलम म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणात तिचा मोठा प्रसार केला आहे. जे झाड राखावयाचे त्याची तीनचार महिन्यांची, टोकाचा डोळा फुगलेली, रोपाच्या जाडीची काडी आधी हेरून ठेवावी. कापण्यापूर्वी आठदहा दिवस तिची पाने देठाचा तुकडा ठेवून छाटावी. मग १० ते १५ सेंटिमीटर लांबीची काडी घेऊन तिचे खालचे टोक पाचरीसारखे तासावे. रोप कोयीच्या वर चार बोटांवर आडवे कापून मधोमध उभी चीर द्यावी, पाचर तीत बसवावी आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. कोय मात्र तोडू नये. रोपाची शिदोरी तीच. सावलीत, दमट जागी ठेवल्यास दोनतीन आठवड्यांत काडी फुटते. सांध्याखालून येणारे फुटवे खुडून टाकावे. पहिल्याने सगळीच कलमे जगणार नाहीत. म्हणून एक राखण्यासाठी दहा बांधावी, आणि गावातील कलमे बांधणाऱ्या जाणत्याचा हात एकदा पाहून घ्यावा.

झाड फार जुने असून योग्य काडी मिळत नसेल, तर माघ-फाल्गुनात त्याची एखादी फांदी छाटावी. नवी पालवी जुलैपर्यंत कामास येते.

जमिनीत लावणे

पुढच्या पावसाळ्यात एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा करून माती व शेणखताने भरावा आणि कलम असे लावावे की सांधा जमिनीच्या वर राहील. दोन झाडांत दहा मीटर अंतर हवे. पहिली दोनतीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. ग्वाल्हेरकडील वाचकांनी हिवाळ्यात लहान झाडावर गवताचा आडोसा करावा, कारण दंव त्यास सोसत नाही. कलमास चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरू द्यावे. त्याआधीचा मोहोर खुडावा. कलम न केलेल्या रायवळास सहा ते दहा वर्षे, कधी अधिकही लागतात. पण तो उंच वाढतो आणि शंभर वर्षेही फळतो. जागा मोकळी असेल तर एखादा तसाच वाढू द्यावा. त्यातून काय निघेल हे कोणी सांगावे?

तेव्हा यंदा घरच्या कोया फेकण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना एवढे विचारा: आपल्या परसातील कोणता आंबा पुन्हा कुठे मिळणार नाही? त्या झाडाखाली मुलांना घेऊन जा, त्यांच्याच हातून कोया पेरून घ्या, आणि योग्य वेळी त्याची काडी त्या रोपांवर बांधा. आपल्या वाडवडिलांनी हे झाड आपल्यासाठी राखले. त्याची एक काडी पुढे पोहोचवणे एवढे तरी आपल्या हातून घडावे, असे आम्हांस वाटते.