रविवारनंतरचे सहा दिवस

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाविषयी मराठीत जे लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतं. कोणी धर्म बदलला, का बदलला, घरच्यांनी काय केलं, गावानं वाळीत टाकलं का. त्यानंतरच्या सोमवारी तो माणूस कामाला गेला तेव्हा त्याच्या श्रद्धेचं काय झालं, हे क्वचितच कोणी विचारतं. मला तेच विचारावंसं वाटतं. येशू नासरेथचा सुतार होता, पौल करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता आणि उरलेल्या वेळात उपदेश करत होता. हाताने काम करणाऱ्याला खालचा मानणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट साधी नव्हती. कोणतं काम कोणी करायचं, हे इथे जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. मराठी ख्रिस्ती श्रद्धेची कसोटी म्हणूनच देवळापेक्षा कामाच्या जागी जास्त लागली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण अर्धंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, इथपर्यंत आपण येतो. खरं काम पुढे, दौंडजवळच्या केडगावात झालं. स्वतःचे आईवडील दुष्काळातल्या उपासमारीत गमावलेल्या या बाईनं १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. त्यांना खाऊ घालणं, कपडे देणं, प्रार्थना शिकवणं एवढ्यावर भागलं असतं, तर त्यांचं हे मुक्ती मिशन दयेचं एक आश्रयस्थान होऊन राहिलं असतं. रमाबाईंनी तिथे हातमाग लावले, तेलघाणा घातला, शेती आणि गोठा उभा केला, शिवण सुरू केलं, छापखाना आणला. आंधळ्या मुलींना त्यांची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. प्रत्येकीच्या हाताला असं काम हवं की उद्या ती कोणाच्या दारात उभी राहणार नाही, हा आग्रह होता.

छापखान्यापाशी जरा थांबायला हवं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. ते जुळवलं केडगावच्या मुलींनी. शिशाचे खिळे खणांतून एकेक उचलायचे, उलट्या अक्षरांत ओळ वाचायची, काना-मात्रा-वेलांटीचे बारीक तुकडे जागच्या जागी बसवायचे, फर्मा आवळायचा, मुद्रित तपासायचं, पुन्हा सोडवून खिळे आपापल्या घरात टाकायचे. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्या कोणाच्या तरी नकोशा सुना, विधवा, अनाथ पोरी होत्या, त्यांची बोटं शाईनं काळी झालेली. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघालं, तेव्हा ते पाहायला मायलेकींपैकी कोणीच नव्हतं. मराठीतल्या या ग्रंथाच्या भाषेवर अभ्यासकांनी पुष्कळ चर्चा केली आहे. त्याच्या जुळारिणींवर मात्र जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, याची मला खंत वाटते.

‘भाकरीसाठी बाटले’ हा आरोप त्या काळापासून आहे. दुष्काळात मिशनच्या आसऱ्याला गेलेल्यांना तो फार झोंबत असे. नारायण वामन टिळकांनी त्याला वाद घालून उत्तर दिलं नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. हा निर्णय पेलला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. हातात पैसा टिकू न देणाऱ्या नवऱ्याचा संसार चालवणं, दारी आलेल्याला जेवू घालणं, आजाऱ्याचं करणं, आणि हे सगळं करताना सोवळ्याओवळ्याचा जन्मभराचा संस्कार एकेक पदर उलगडत सोडून देणं. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो खरे, पण ते एका बाईच्या श्रमाचं दप्तर आहे. पतीनं अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ही पुढे त्यांनीच पूर्ण केलं, शाळेची पायरी न चढता.

मिरजेकडे वळतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभारलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे वानलेसवाडी हे नाव राहिलं. डॉक्टरांची कीर्ती दूरवर गेली, पण हॉस्पिटल चाललं ते परिचारिकांवर. रक्त, पू, बेडपॅन हे सगळं विटाळाचं. त्यातून परक्या पुरुषांच्या खाटांजवळ रात्रपाळी. वरच्या जातीतल्या घरांनी आपल्या मुलींना या कामापासून पुष्कळ काळ दूरच ठेवलं. ती जागा ख्रिस्ती मुलींनी घेतली. त्यांतल्या कित्येकींच्या आज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, आणि आता त्यांच्या नातींच्या हातांनी दिलेलं औषध सगळं गाव घेत होतं.

एका सरकारी रुग्णालयात मधुमेहानं सडलेल्या पायाचं ड्रेसिंग करताना अशीच एक सिस्टर मी पाहिली. आदल्या दिवशीचं गॉज जखमेला घट्ट चिकटलं होतं. बाहेर रांग होती, ओढून काढलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तिनं त्यावर सलाइन ओतलं आणि ते भिजेपर्यंत थांबली. मग एकेक घडी सोडवत, म्हाताऱ्याला त्याच्या नातवंडांबद्दल विचारत राहिली. म्हातारा एकदाही ओरडला नाही. तिच्या गळ्यात क्रूस होता, पण त्याविषयी ती कोणाशी बोलली नाही. माझ्या लेखी ते थांबणं म्हणजेच तिची त्या दिवसाची प्रार्थना होती.

वसईत चित्र वेगळं आहे. इथला कॅथलिक कुपारी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर उभा. केळी, पानवेल, मोगरा, भाजी, उन्हात वाळवून केलेली सुकेळी. पहाटे मिस्सेच्या घंटेआधी वाडीतली बाई मोगरा खुडून टोपली भरते आणि दादरच्या बाजारासाठी पहिली लोकल गाठते. या वाडीला पाणी देणारी बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि विहिरी टँकरवाल्यांनी उपसायला सुरुवात केली, त्यात खारं पाणी शिरू लागलं, आणि १९९० च्या आसपास नागरीकरणाचा आराखडा येऊन धडकला. तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीबरोबर रस्त्यावर उतरले. धर्मगुरूनं पाण्यात आणि जमिनीत का पडावं, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला, चर्चमधल्या काहींनीही. ज्याची वाडी वाळते आहे त्याला फक्त सहनशीलतेचं प्रवचन देणं, हे फादरांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पाठीच्या दुखण्यानं बेजार असतानाही ते तिथे आले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. वसईचे बरेच मळे त्यांच्याआधीच गेले होते.

नगरकडे मात्र जमीन असलेला ख्रिस्ती थोडाच. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून इथे ख्रिस्ती झालेले बहुतेक महार आणि मांग समाजांतले, भूमिहीन. १९४८ साली भारतात आलेले स्विस जेझुइट हर्मन बाखर यांनी या दुष्काळी मुलखात पाण्याचं काम हाती घेतलं आणि १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही पाणलोट संस्था स्थापन झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि गावाचं श्रमदान. कामाला आलेल्याचा धर्म विचारायचा नाही. पण ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याच्या शेतात पाणी कसं येणार, हा प्रश्न पाणलोटालाही पुरता सुटत नाही.

याच दलित ख्रिस्ती माणसाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली, ख्रिस्त्यांना नाही. गावात त्याची जात कोणी विसरलेलं नाही, फक्त कागदावर ती पुसली गेली. या प्रश्नावर २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी जाणाऱ्या गर्दीत हे लोक मोठ्या संख्येनं असतात. दुःखाला अर्थ असतो, ही ख्रिस्ती श्रद्धेची शिकवण मीही मानतो. पण त्या शिकवणीच्या आड अन्यायाला लपू देणं मला मान्य नाही. क्रूस उचलणाऱ्या माणसावर तो कोणी लादला, हेही विचारलंच पाहिजे.

आणि हा प्रश्न सरकारपाशी संपत नाही. १९५५ पासून १ मे हा दिवस कॅथलिक चर्च कामगार संत योसेफाचा सण म्हणून पाळतं. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवर स्वतंत्र परिपत्र काढलं, आणि न्याय्य मजुरी हा त्यातला मुख्य आग्रह होता. आपल्या शाळा, वसतिगृहं, इस्पितळं चालवणारी चर्चेस आज मोठी मालक आहेत. तिथल्या आयाबाई, स्वयंपाकीण, माळी, कंत्राटी नर्स यांना ‘सेवा समजून करा’ असं सांगून कमी पगारात राबवलं जात असेल, तर वेदीवरून केलेला श्रमाचा गौरव पोकळ ठरतो. प्रत्येक धर्मप्रांतानं आणि मिशननं आपल्या संस्थांतला सर्वांत कमी पगार किती आहे, हे येत्या नाताळाआधी आपापल्या मंडळींसमोर वाचून दाखवावं, अशी माझी मागणी आहे.