जामनगरचा गौरव आणि विद्यापीठाची तिजोरी

आयुर्वेदाला स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही पूर्वसूरींची आकांक्षा जामनगरला फळास आली. १९६५ च्या कायद्याने गुजरात आयुर्वेद विद्यापीठ स्थापन झाले. तेथील पदव्युत्तर संस्था, गुलाबकुंवरबा महाविद्यालय आणि औषधनिर्माण संस्था एकत्र करून केंद्राने २०२० मध्ये आयुर्वेद शिक्षण व संशोधन संस्था उभारली व तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. एप्रिल २०२२ मध्ये त्याच नगरीत जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक वैद्यक केंद्राची पायाभरणी झाली. त्यासाठी भारताने २५ कोटी डॉलरचे साहाय्य देऊ केले.

आम्हांस याचा आनंद आहेच. परंतु ज्या संस्थांमुळे लौकिक, त्याच वेगळ्या झाल्यावर मूळ विद्यापीठाच्या हाती मुख्यत्वे संलग्न महाविद्यालये व परीक्षा उरतात. समारंभाच्या छायाचित्रांत हे दिसत नाही. अशा विद्यापीठाची मदार शुल्कावर. ते वाढवावे तर भार विद्यार्थ्यावर. न वाढवावे तर हस्तलिखितांचे संपादन, वनौषधी-उद्यान यांसाठी पैसा कोठून आणावा? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या वैद्यबंधूंना हे गणित अपरिचित नाही. राज्य शासनांनी अशा विद्यापीठांना संशोधनासाठी स्वतंत्र वार्षिक अनुदान द्यावे आणि त्याचा हिशेब परीक्षाशुल्कात मिसळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.