पालखी तळाचा नकाशा रंगवताना

संत ज्ञानेश्वरांची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्कामी थांबते. रात्रीपुरतं दुसरं गाव वसतं. सकाळी पालखी माळशिरसच्या वाटेला लागली की तळ मोकळा. लँडस्केपचे नकाशे रंगवण्याची रीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कशी बदलली, हे पाहायला असली जागा बरी.

1990 च्या सुमारास सगळं हातानंच चालायचं. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं. रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची. मूळ ट्रेसिंग जपून ठेवायचं, अमोनिया प्रिंट काढायची आणि तिच्यावर रंगीत पेन्सिली, जलरंग. झाडाचा पार दहा फूट सरकवायचा ठरला, की नवी प्रिंट आणि पहिल्यापासून रंगकाम.

मग ऑटोकॅड आलं, रेघा सरळ झाल्या. जरा जास्तच सरळ. 1994 साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि खरा फरक तिथून पडला. शाईचं चित्र स्कॅन करायचं, वरच्या लेयरवर ठेवून ‘मल्टिप्लाय’ करायचं. कागदाचा पांढरेपणा जातो, रेघ तेवढी उरते. खाली रंग भरायचे, सावल्या टाकायच्या.

मध्यंतरी तयार झाडांचं वेड आलं. एकच वड चाळीस ठिकाणी चिकटवलेला, खाली विलायती हिरवळ. नीरा उजव्या कालव्यावरचा ऊस हिरवागार असतो, मान्य. पण शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडचा माळ मे महिन्यात तसा दिसत नाही. ओल्या कागदावर यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना सोडावा, तो पसरू द्यावा, मग स्कॅन करावा. तयार नमुन्यांत हा माळ मला अजून भेटलेला नाही.

लेयरकडे रंगरंगोटीची सोय म्हणून पाहणं मला कमीपणाचं वाटतं. इंग्लंडच्या हम्फ्री रेप्टननं अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ‘रेड बुक्स’मध्ये जलरंगांच्या चित्रांवर कागदी झडपा लावल्या होत्या: झडप खाली असताना आहे ती जागा, उचलली की होऊ घातलेली. पालखी तळाला हेच हवं. तळाची जमीन, उतार, वड, कडुनिंब एकदाच हातानं काढायचे. वरच्या लेयरवर मुक्कामाची रात्र: राहुट्या, पाण्याचे टँकर, शौचालयं, दिंड्यांच्या ट्रकांची वाट. तो लेयर बंद केला की उरलेलं वर्ष. दोन्ही एकावर एक ठेवले म्हणजे कुठलं नवं झाड राहुटीच्या दोऱ्यांत अडकेल, हे लगेच दिसतं.

आता टॅब्लेटवरच पेन चालतं, स्कॅनरही मागे पडला. तरी गावच्या बैठकीत हाताच्या रेघांचा कागदच पसरावा. गुळगुळीत, रंगीत छपाईवर कुणी पेन टेकवत नाही. कच्च्या रेघेवर माणसं बिनधास्त खुणा करतात: इथं पाणी साचतं, टँकर पलीकडं न्या. त्या खुणा मग स्कॅन होतात आणि त्यांचा वेगळा लेयर होतो.